सव्वाशेंचा आंकडा

श्रोतेहो, भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या कारखान्यांत आपण गेलांत, तर लेथवर काम करणाऱ्या कारागिराच्या हाताशीं मायक्रोमीटर नेहमीं दिसेल. दांडा ठरल्या मापाहून केसभर जाड उतरला तर माल परत येतो. म्हणून त्या कारागिराला दोन प्रश्न सदैव सोडवावे लागतात. माप किती आलें, हा पहिला. आणि किती यावयास हवें होतें, हा दुसरा. आज ज्या मापाविषयीं मी बोलणार आहें, तें हातीं यावयास शास्त्रज्ञांना जवळजवळ अर्धें शतक लागलें. आणि तें आल्यावरहि दुसऱ्या प्रश्नाचा वाद मिटलेला नाहीं. हें माप म्हणजे हिग्ज बोसॉन नांवाच्या मूलकणाचें वस्तुमान. या वादाच्या इतिहासांत पुण्याच्या एका विदुषीचें नांव ठळक आहे आणि मुंबईच्या एका संस्थेचे हात लागलेले आहेत. तेव्हां तो मराठी घरांत सांगण्याजोगा आहे, असें मला वाटतें.

बोसॉन हें नांव मूळ आपल्याच देशांतून गेलेलें आहे. ढाक्का विद्यापीठांतील अध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांनीं १९२४ सालीं प्रकाशकणांची मोजदाद करण्याची जी नवी रीत काढली, तिच्याप्रमाणें वागणाऱ्या कणांना पुढें डिरॅक या इंग्रज पंडितानें बोसॉन म्हटलें. दुसऱ्या जातीचे कण ते फर्मिऑन. इलेक्ट्रॉनादि, ज्यांपासून द्रव्य घडतें, ते या जातीचे. या दोन जाती श्रोत्यांनीं लक्षांत ठेवाव्यात, कारण पुढें त्यांचीच सोयरीक जुळवावयाची आहे.

१९६४ सालीं ब्रुसेल्स येथील आंग्लेर व ब्राउट, एडिंबरो येथील पीटर हिग्ज, आणि लंडन येथील गुराल्निक, हेगन व किबल यांनीं जवळजवळ एकाच सुमारास एक कल्पना मांडली. कांहीं मूलकणांना वस्तुमान असतें व प्रकाशकणाला तें मुळींच नसतें, हें कसें? त्यांचें उत्तर असें कीं, सर्व विश्व एका अदृश्य क्षेत्रानें व्यापलेलें आहे, आणि जो कण त्या क्षेत्राशीं जितका निगडित, तितकें त्याचें वस्तुमान अधिक. आमच्या बाजूला बैलगाडा शर्यतींचे घाट आहेत. पाऊस पडून गेला म्हणजे घाटावरच्या त्याच चिखलांतून चिमणी टुणटुण उड्या मारीत जाते, आणि भरलेली गाडी मात्र आंसापर्यंत रुतते. चिखल एकच, फरक आहे तो त्याच्याशीं येणाऱ्या संबंधाचा. अर्थात् हा नुसता दृष्टांत. चिखल चालत्या वस्तूला अडवितो. हें क्षेत्र अडवीत नाहीं, जडपणा तेवढा देतें. या क्षेत्राला धक्का बसला असतां त्यांत जो तरंग उठेल, तोच हिग्जचा कण. पण मौज अशी कीं, इतरांना वस्तुमान देणाऱ्या या कणाचें स्वतःचें वस्तुमान किती, हें मूळ सिद्धांत सांगत नव्हता. कणांचें वजन जीईव्ही या मापानें सांगतात. हायड्रोजनच्या गाभ्यांतील प्रोटॉन सुमारें एक जीईव्ही भरतो, एवढें ध्यानीं ठेवलें कीं पुरे. हिग्जचा कण दहा जीईव्हींचा कीं पांचशेंचा, हें मोजूनच ठरवावयाचें होतें.

मोजणें दूर राहिलें, आधीं हिशेबांतच एक विपरीत गोष्ट निघाली. पुंजवादाप्रमाणें कोणताहि कण एकटा नसतो. त्याच्या भोंवतीं इतर कण क्षणमात्र उत्पन्न होऊन लय पावत असतात, आणि त्यांचा भार मूळ कणाच्या खात्यावर पडतो. इतरांच्या बाबतींत हा भार आटोक्यांत राहतो. हिग्जच्या बाबतींत मात्र तो भयंकर होतो. गुरुत्वाकर्षणाचा जोर कणांवर चालूं लागतो त्या टोकापर्यंत दुसरें नवें कांहींच नाहीं असें धरलें, तर जमेच्या व खर्चाच्या बाजूंना तीसांहून अधिक आंकड्यांच्या रकमा येतात, आणि त्या एकमेकींतून वजा जाऊन शिल्लक राहते ती चिल्लर. एखाद्या पेढीची अब्जावधींची उलाढाल वर्षाअखेर नेमका सव्वा रुपया शिल्लक दाखवूं लागली, तर हिशेबतपासनीस योगायोग म्हणून सही करील काय? तो म्हणेल, जमेच्या प्रत्येक रकमेसमोर तिच्याच जोडीची खर्चाची रक्कम कोणीतरी मांडलेली असली पाहिजे.

ही जोडी लावणारी कल्पना म्हणजे, इंग्रजींत जिला सुपरसिमेट्री म्हणतात, ती अतिसममिति. १९७१ सालीं मॉस्कोंत गोल्फांड व लिख्टमान यांनीं ती मांडली. १९७४ सालीं वेस व झुमिनो यांच्या निबंधानंतर ती जगभर पसरली. प्रत्येक बोसॉनाला एक फर्मिऑन जोडीदार आणि प्रत्येक फर्मिऑनाला एक बोसॉन जोडीदार असलाच पाहिजे, असा तिचा आग्रह. जोडीदाराचा भार हिग्जच्या खात्यावर उलट चिन्हानें पडतो, आणि मोठमोठ्या रकमा आपोआप फिटतात. इलेक्ट्रॉनाचा जोडीदार सिलेक्ट्रॉन, टॉप क्वार्कचा स्टॉप, फोटॉनाचा फोटिनो. हीं नांवें बारशाला जमलेल्या थट्टेखोर पाहुण्यांनीं ठेवल्यासारखीं वाटतात खरीं, पण त्यांमागचें गणित भक्कम आहे. अडचण एकच. यांपैकीं एकहि जोडीदार आजवर कोणाच्या दृष्टीस पडलेला नाहीं. तेव्हां ते ज्ञात कणांहून पुष्कळ जड असले पाहिजेत. आणि फारच जड असले तर जमाखर्च पुन्हां बिघडतो. म्हणून हजार जीईव्हींच्या आसपास त्यांची गांठ पडेल, अशी आशा धरून शास्त्रज्ञांची एक पिढी बसली.

या सिद्धांतानें एक धाडस केलें, आणि मला त्याचें कौतुक वाटतें. मूळ सिद्धांत हिग्जच्या वजनाबद्दल मुग्ध होता. हा मुग्ध राहिला नाहीं. याच्या सर्वांत साध्या रूपांत हिग्जचे एक सोडून पांच कण निघतात, आणि त्यांतील सर्वांत हलका कण झेड नांवाच्या कणाहून जड असूं शकत नाहीं. झेड १९८३ सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेंत सांपडला. त्याचें वजन ९१ जीईव्ही. म्हणजे हिग्ज ९१ च्या आंत मिळालाच पाहिजे, नाहीं तर सिद्धांताचें तें रूप गेलें! १९८९ सालीं सर्नमध्यें लेप नांवाचें नवें यंत्र सुरू झालें, तेव्हां ही कसोटी हाताच्या अंतरावर आली.

तोंच १९९१ सालीं एक नवा मुद्दा निघाला. ओकाडा, यामागुची व यानागिदा ही जपानी मंडळी, हेबर व हेम्पफ्लिंग ही दुसरी जोडी, आणि एलिस, रिडोल्फी व झ्विर्नर हे तिसरे, अशा तिघा गटांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, टॉप क्वार्क व त्याचा जोडीदार स्टॉप यांची फिटाफिट पुरी होत नाहीं. टॉप जितका जड, तितकी बाकी मोठी. आणि त्या बाकीनें ९१ ची मर्यादा वर सरकते. चार वर्षांनीं, १९९५ सालीं, अमेरिकेंतील फर्मी प्रयोगशाळेंत टॉप सांपडला, तो १७३ जीईव्हींच्या घरांत भरला. एवढा जड टॉप धरून हिशेब केला, तेव्हां मर्यादा सुमारें १३५ पर्यंत गेली. इकडे लेप यंत्र २००० सालीं बंद झालें, तें हिग्ज न सांपडतांच; मूळ सिद्धांताप्रमाणें वागणारा हिग्ज ११४ च्या खालीं नाहीं, एवढें मात्र तें सांगून गेलें. शिकार आतां ११४ आणि १३५ यांच्या मधल्या अरुंद गल्लींत सांपडली पाहिजे होती.

टॉप क्वार्क हा असा या कथेंतला वजनदार गृहस्थ. प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन यांच्या टकरींतून उडणाऱ्या कणांच्या गर्दींत त्याला ओळखावें कसें, यावर १९८३ सालीं, म्हणजे तो सांपडण्याच्या बारा वर्षें आधीं, गोडबोले, पाकवासा व रॉय या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. यांतील गोडबोले म्हणजे आपल्या पुण्याच्या डॉ. रोहिणीबाई.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२ रोजीं पुण्यांत झाला. त्यांची शाळा हुजूरपागा. १८८४ सालीं न्यायमूर्ति रानडे, भांडारकर, मोडक, वागळे यांच्या खटपटीनें निघालेली ही मुलींची शाळा. पेशवाईंतील घोड्यांच्या पागेच्या जागेवर मुलींचे वर्ग भरूं लागले, ही गोष्टच मोठी सूचक आहे. परंतु रोहिणीबाईंच्या वेळीं तेथें सातवीपर्यंत मुलींना शास्त्राऐवजीं गृहशास्त्र असे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तर शास्त्र हवें. तें त्यांनीं शिक्षकांच्या मदतीनें वेगळें शिकून घेतलें, आणि राज्याची ती शिष्यवृत्ति मिळविणाऱ्या त्या शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या. मी जन्म वर्गांत काढलेला मनुष्य, स्वतः मॅट्रिकच्या पुढें न गेलेला. अभ्यासक्रमांत नसलेला विषय एका मुलीसाठीं शिकविणाऱ्या त्या शिक्षकांचीं नांवें कोणत्याहि शोधनिबंधावर येत नाहींत, हें माझ्या मनांतून जात नाहीं.

पुढें सर परशुरामभाऊ महाविद्यालय, पवईची तंत्रविद्या संस्था, आणि अमेरिकेंत स्टोनी ब्रुक येथून १९७९ सालीं डॉक्टरेट. तिकडेच राहणें सोपें होतें. त्या परत आल्या. कांहीं काळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत काढून १९८२ पासून १९९५ पर्यंत त्यांनीं मुंबई विद्यापीठांत अध्यापन केलें, आणि त्यानंतर बंगलूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत. त्यांचा विषय प्रयोग व सिद्धांत यांच्या उंबरठ्यावरचा. सिद्धांत म्हणतो तो कण खरोखर असेल, तर यंत्रांत त्याची खूण कोणती उमटेल, आणि तशीच खूण दुसऱ्या कशानें उमटणार नाहीं ना, हें त्या तपासून पाहत. १९९१ सालीं मानुएल ड्रेस या जर्मन सहकाऱ्याबरोबर त्यांनीं दाखवून दिलें कीं, भावी इलेक्ट्रॉन यंत्रांत प्रकाशकणांच्याच टकरींतून एवढा केरकचरा उडेल, कीं आराखडा बेतणाऱ्यांनीं त्याचा विचार आधींच केला पाहिजे. हेंच ड्रेस, रोहिणीबाई आणि टाटा संस्थेंतील प्रबीर रॉय यांनीं २००४ सालीं अतिसममितीच्या कणांवर पांचशेंहून अधिक पृष्ठांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. एकहि जोडीदार सांपडलेला नसतां पांचशें पृष्ठें! एखादा व्यवहारी गृहस्थ हंसेल. पण शोधावयास निघणाऱ्याला हरवलेल्या माणसाचें वर्णन आधीं लिहून द्यावेंच लागतें. चार वर्षांनीं, २००८ सालीं, त्यांनीं राम रामस्वामी यांच्यासह भारतीय स्त्री शास्त्रज्ञांच्या आयुष्यकथांचा संग्रह संपादिला, त्याचें नांव लीलावतीच्या लेकी अशा अर्थाचें आहे.

आतां मुंबईच्या हातांविषयीं. टाटा मूलभूत संशोधन संस्था डॉ. होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापन केली. आरंभ बंगलूरास, त्याच वर्षीं ती मुंबईस आली, आणि कुलाब्याची सध्यांची इमारत १९६२ सालीं वापरांत आली. सर्नमध्यें लेपच्याच सत्तावीस किलोमीटर परिघाच्या बोगद्यांत जें नवें यंत्र बसलें, त्यावरील चौदा हजार टनांच्या सीएमएस या शोधकयंत्रासाठीं या संस्थेच्या मंडळींनीं एक महत्त्वाचा भाग तयार केला. टकरींतून निघणाऱ्या जड कणांची ऊर्जा मोजणारे थर चुंबकाच्या वेटोळ्याच्या आंत आहेत. परंतु कधीं कधीं कणांचा वर्षाव इतका जोरदार असतो, कीं थोडी ऊर्जा वेटोळ्यापलीकडे निसटते. ती पकडण्यासाठीं बाहेरच्या अंगास चमक देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाट्यांचा थर बसविला आहे. त्या पाट्यांतील प्रकाश बारीक तंतूंतून वाहून नेऊन मोजतात. हें काम वरवर किरकोळ वाटतें, तें तसें नाहीं. अतिसममितीचा सर्वांत हलका कण यंत्रांतून कोणताहि ठसा न उमटवितां निघून जाईल, अशी अपेक्षा. त्याची खूण म्हणजे हिशेबांत पडलेली तूट. पण तूट दोन कारणांनीं पडते. चोर पळाला म्हणून, आणि तिजोरी मोजणाऱ्यानें एक कप्पा मोजलाच नाहीं म्हणून. तो उरलेला कप्पा मोजण्याचें काम कुलाब्यांत बनलेल्या पाट्यांनीं पत्करलें.

४ जुलै २०१२ रोजीं सर्नच्या सभागृहांत नवा कण सांपडल्याची घोषणा झाली. त्या दिवशीं वयोवृद्ध हिग्ज व आंग्लेर तेथें हजर होते; ब्राउट आदल्या वर्षींच निवर्तले होते. २०१३ चें नोबेल पारितोषिक हिग्ज व आंग्लेर यांस मिळालें. कणाचें वजन प्रथम १२५ ते १२६ असें सांगण्यांत आलें. पुढील मोजमापांनीं तें १२५.१ च्या जवळ स्थिरावलें आहे. सव्वाशें जीईव्ही.

आतां हा आंकडा श्रोत्यांनीं वरच्या गल्लींत ठेवून पाहावा. ९१ च्या वर, १३५ च्या खालीं. १४० आला असता तर साधी अतिसममिति त्याच सायंकाळीं निकालांत निघाली असती. १०० च्या आसपासचा आला असता तर तिचे पाठीराखे आनंदित झाले असते. आला तो असा, कीं सिद्धांत वांचला, पण मोठ्या दंडावर. ९१ पासून १२५ पर्यंतची चढण टॉपच्या बाकीवरच चढावयाची, तर स्टॉप हजारांहून पुष्कळ, कदाचित् कांहीं हजार जीईव्हींचा असला पाहिजे, किंवा त्याच्या दोन रूपांचें मिश्रण अगदीं विशिष्ट प्रमाणांत असलें पाहिजे. आणि स्टॉप असा जड झाला कीं ज्या जमाखर्चाच्या सोयीसाठीं ही कल्पना काढली, तोच पुन्हां ओढाताणीचा होतो. शिवाय प्रत्यक्ष शोधांतहि हाताला कांहीं लागलें नाहीं. ग्लुइनो हा जोडीदार, नेहमींचीं गृहीतें धरलीं तर, सुमारें दोन हजार जीईव्हींच्या खालीं नाहीं असें आतां दिसतें.

येथें सिद्धांत वाढविण्याचा मार्ग पुढें येतो. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मार्ग असा: साध्या रूपांत आणखी एक क्षेत्र घालावयाचें, ज्याला विद्युत् भार नाहीं, दुसरा कोणताहि भार नाहीं, आणि जें फक्त हिग्जशीं बोलतें. त्या बोलण्यामुळेंच हिग्जच्या वजनांत टॉपची मदत न घेतां भर पडते, म्हणजे स्टॉपवरचें ओझें हलकें होतें. हा मार्ग काहीं २०१२ नंतर घाईनें शोधलेला नव्हे. शिलाँगच्या ईशान्य पर्वतीय विद्यापीठांतील पंडिता यांनीं १९९३ सालींच या विस्तारित रूपांतील हिग्जच्या वजनावर टॉप-स्टॉपचा परिणाम काय होतो, याचे निबंध प्रसिद्ध केले होते.

हें ठिगळ आहे कीं सुटा राहिलेला भाग? खरा प्रश्न हा आहे, आणि तो केवळ पंडितांचा नाहीं. आमच्याकडचा फिटर, भाग बसेना तर मध्यें पातळ पत्र्याचें पॅकिंग घालतो. काम भागतें. पण चांगला फिटर मनांत जाणून असतो, कीं पॅकिंग लागलें म्हणजे कोठें तरी माप चुकलें आहे. त्याच्या उलट, कधीं कधीं आराखड्यांतच तो भाग असतो व आपण तो बसवावयास विसरलेलों असतों. या नव्या क्षेत्राच्या बाजूनें सांगण्यासारखी गोष्ट ही, कीं तें केवळ वजन वाढविण्यासाठीं आणलेलें नाहीं. साध्या रूपांत हिग्जच्या जोडीदारांचें एक माप हातानें भरावें लागतें, तें तेवढेंच का याचें कारण मिळत नाहीं; नव्या क्षेत्रांतून तें आपोआप निघतें. एका किल्लीनें दोन कुलपें उघडलीं, तर ती किल्ली बनावट नसावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

युरेनस ग्रह गणिताबाहेर चालूं लागला, तेव्हां पलीकडे एक अदृष्ट ग्रह कल्पिला गेला, आणि १८४६ सालीं नेपच्यून खरोखर सांपडला. आपल्याकडे ग्रहणांसाठीं राहु व केतु कल्पिले गेले. आर्यभटानें सन ४९९ मधील ग्रंथांत ग्रहण म्हणजे छाया असें सांगितलें. राहूला धड नव्हतें आणि शिरहि नव्हतें, तरी ज्या छेदबिंदूला तें नांव पडलें त्याचें गणित आपल्या पंचांगांत चोख चालत राहिलें आहे. स्टॉप हा नेपच्यून ठरेल कीं राहु, हें आज कोणासहि सांगतां येणार नाहीं. दोन्ही बाजूंचे लोक आवाज चढवून बोलतात; मला त्यांपैकीं कोणाचाच आवाज पटत नाहीं. सिद्धांत मेला म्हणणारे साध्या रूपाला सर्व सिद्धांत समजतात. सिद्धांत जिवंतच आहे म्हणणारे हें सांगत नाहींत, कीं दर शोधाबरोबर कसोटी पुढें ढकलणें सोयीचें असतें.

रोहिणीबाईंची रीत याहून निराळी होती. बंगलूरहून निवृत्त झाल्यावरहि त्या एकेक कोपरा झाडून पाहत होत्या. २०२१ सालीं सहकाऱ्यांसह त्यांनीं वर सांगितलेल्या विस्तारित रूपांत कृष्णद्रव्य होऊं शकेल असा हलका कण कोठें लपूं शकेल, याचा हिशेब प्रसिद्ध केला. दोन वर्षांनीं, वयाची सत्तरी उलटल्यावर, त्याच कणाचा साध्या रूपांतील हिशेब आला. सव्वाशेंच्या निम्म्याहून हलका असा तो कण. हिग्ज फुटून त्याची जोडी निघाली, तर यंत्राला कांहींच दिसणार नाहीं, आणि त्या न दिसण्याचीच मर्यादा मोजतां येते. भूगर्भांतील शोधांचे निकालहि त्यांनीं जोडीला घेतले. निष्कर्ष असा निघाला, कीं आयुष्याचीं कित्येक वर्षें ज्या सिद्धांताला दिलीं, त्याची ही जागा जवळजवळ सर्व बंद झाली आहे, एकदोन चिंचोळे पट्टे तेवढे उरले आहेत. तो निबंध त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लपविला नाहीं, मवाळहि केला नाहीं. त्याचें शीर्षकच, ही शक्यता निकालांत निघाली काय, असें प्रश्नार्थक आहे. पीटर हिग्ज ८ एप्रिल २०२४ रोजीं एडिंबरोस वारले. रोहिणीबाई त्याच वर्षीं २५ ऑक्टोबरला पुण्यांत गेल्या. जिनीव्हाजवळचें यंत्र अधिक प्रखर करण्याचें काम सुरू आहे. त्या उरलेल्या पट्ट्यांवर पुढचा झोत त्यांतूनच पडावयाचा आहे.